अळी चालते कशी?

आषाढी एकादशीला देव झोपतात आणि त्यांच्यासोबत माझा धंदाही झोपतो, तो थेट तुळशीच्या लग्नापर्यंत. मुहूर्त नाही म्हणून लग्न नाही, लग्न नाही म्हणून शूटिंग नाही, शूटिंग नाही म्हणून मिक्सिंग नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, बसस्टँडसमोर माझा गाळा आहे. पाटीवर ‘फोटो, शूटिंग, मिक्सिंग, ड्रोन’ असं लिहिलंय. त्यातलं ड्रोन भाड्याचं. हे चार महिने पासपोर्ट फोटो, झेरॉक्स आणि पीक विम्याचे फॉर्म यांच्यावर शटर उघडं राहतं.

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात चार मुली दुकानाच्या पायरीवर येऊन उभ्या राहिल्या. गळ्यात ओळखपत्र, चपलांना काळा चिखल. कृषी महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाला या पोरापोरींना काही महिने खेड्यात राहावं लागतं. त्याला रावे म्हणतात. पेपरात त्यांचे फोटो ‘कृषिकन्यांनी केले शेतकऱ्यांना मार्गदर्शन’ अशा मथळ्याखाली येतात, आणि फोटोत मार्गदर्शन घेणारा शेतकरी नेहमी कॅमेऱ्याकडे बघत असतो. या चौघी आमच्याच गावात खोली करून राहत होत्या. एक पुसदची, एक वाशीमची, एक वरूडची आणि एक थेट सांगलीकडची, जिला आमच्याकडचं ‘करून राहिली’ ऐकून अजून हसू येत होतं.

“दादा, आमचा प्रोजेक्टचा व्हिडिओ आहे,” वाशीमची म्हणाली. “सहा मिनिटांचा. एडिट करून द्याल का? आणि ग्राफिक्स पाहिजेत. ॲनिमेटेड.”

ॲनिमेटेड या शब्दावर तिनं जरा जोर दिला. मी मान डोलावली. अठरा वर्षं हेच करतोय, त्यात काय.

अठरा वर्षं मी काय करत होतो, ते सांगतो. आमच्या धंद्यात एडियस नावाचं सॉफ्टवेअर चालतं आणि त्याची तयार प्रोजेक्टं हार्डडिस्क भरून विकत मिळतात. गुलाबाच्या पाकळ्या पडताहेत, दोन बदाम एकमेकांभोवती फिरताहेत, पुस्तकाचं पान उलटतं आणि आत नवरा-नवरी. आपण फक्त फोटो बदलायचे, ‘चि.’ आणि ‘चि. सौ. कां.’च्या पुढची नावं बदलायची. कुणबी असो, बौद्ध असो, बंजारा असो, पाकळ्या त्याच. त्या पाकळ्या कोणी हलवल्या, कशा हलवल्या, हा प्रश्न मला कधी पडला नाही. आपल्या दारातलं तोरण कोणी ओवलं हे तरी आपण कुठं विचारतो?

“विषय काय आहे?”

“गुलाबी बोंडअळी.”

तेव्हा मी खुर्ची ओढून दिली.

२०१७ साली आमच्या साडेपाच एकरांत जे झालं ते आमच्या पट्ट्यात घरोघरी झालं. झाड हिरवंगार, बोंडं टपोरी, आणि फुटायला लागली तर आत कवडी. डागाळलेला, चिकटलेला, सरकीला धरून बसलेला कापूस. व्यापाऱ्यानं हात लावला आणि तोंड फिरवलं. त्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेनं आमच्या जिल्ह्याचं नाव देशभर झालं. माझ्या बापानं डिसेंबरातच उभ्या पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या पिकात, रोटाव्हेटर घातला, आणि त्या दिवसाबद्दल तो घरात कधी बोलला नाही. आम्हीही काढलं नाही.

पैशाचं बोलणं मी टाळलं. तशीही मंदीच होती.

त्यांनी पेनड्राइव्ह दिला आणि त्यात दोनशेवर क्लिपा निघाल्या. चार मोबाइलच्या. काही उभ्या, काही आडव्या. निम्म्यांच्या नावातच व्हॉट्सॲप होतं, म्हणजे एकमेकींना पाठवून, दाबून, चिरडून झालेल्या. पानावरची अळी म्हणून जे दिसत होतं ते चौकोनी ठिपक्यांचं लापशीसारखं काहीतरी होतं. “मूळ क्लिपा आहेत का अजून? असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, व्हिडिओ म्हणून नको,” असं सांगितलं, तेव्हा सांगलीकडचीनं वहीत लिहून घेतलं. पुढं दोन महिने ती सगळं लिहूनच घेत राहिली.

दुसरी भानगड आवाजाची. आमच्या शेजारच्या एका काकांची मुलाखत होती, बावीस मिनिटांची. सुरुवातीला ओठ आणि शब्द जुळलेले, शेवटाकडे जाता जाता शब्द ओठांच्या मागं पडलेले. मुलींना वाटलं मोबाइल बिघडला. बिघडला नव्हता. मोबाइल सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे ३० चित्रं, सांगतो खरा, पण उजेड कमी झाला की गुपचूप कमी काढतो, उजेड आला की पुन्हा वाढवतो. पाहताना कळत नाही, एडिटिंगला बसलं की कळतं. कॅमेऱ्याच्या मजुराला मस्टर नाही, असं म्हणा. मग प्रत्येक क्लिप आधी हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून काढायची, फ्रेमचा वेग एकसारखा बांधून घ्यायचा, आणि मग कापायला बसायचं.

मी तो वेग २५ ला बांधला. पुसदचीनं विचारलं, पंचवीसच का? मला सवयीनं माहीत होतं, त्यामागचं कारणही ठाऊक होतं, पण कोणाला कधी सांगितलं नव्हतं. आपल्याकडची लाईन, म्हणजे वीज, ५० हर्ट्झची, आपली जुनी टीव्हीची पद्धत त्यावर बसवलेली, म्हणून सेकंदाला पन्नासाचे निम्मे, पंचवीस. सिनेमाचे चोवीस. मोबाइलवाले तीस काढतात, म्हणून आपल्या ट्यूबलाइटखाली कधी कधी चित्रात पट्टे पळताना दिसतात. “म्हणजे व्हिडिओपण लाईनवरच,” वरूडची म्हणाली. आमच्याकडे लाईन हा शब्द निघाला की पुढची दहा मिनिटं त्यावरच जातात. गेलीच.

काकांची बावीस मिनिटं मी एक मिनिट चाळीस सेकंदांवर आणली. मुलींना ते जिवावर आलं. त्यांनी उन्हात उभं राहून काढलं होतं सगळं. पण काका तीन वेळा तेच बोलले होते आणि तिसऱ्या वेळी सगळ्यात चांगलं बोलले होते. पहिल्यांदा ते मुलींच्या भाषेत बोलत होते: प्रादुर्भाव, व्यवस्थापन, नियोजन. तिसऱ्यांदा कंटाळून त्यांच्या स्वतःच्या: “बाहेरून बोंड कसं, नवरदेवावानी. अन् आत पाहाल तं काहीच नाई.” मी ते वाक्य ठेवलं आणि त्यांच्या मागं चालू असलेला ट्रॅक्टरचा आवाजही ठेवला. मार्गदर्शक सरांना म्हणे ते बोलणं अशुद्ध वाटलं. निवेदन प्रमाण भाषेत राहू द्या, शेतकरी शेतकऱ्यासारखा बोलू द्या, असा निरोप मी मुलींच्या हाती धाडला. उत्तर आलं नाही. मी त्याला होकार धरलं.

मग ग्राफिक्सची यादी आली. महाविद्यालयाचं बोधचिन्ह आगीतून फिरत येणार. चौघींची नावं एकेक करून उडत येणार. प्रत्येक दृश्यानंतर पान उलटणार. आकडे गरगर फिरून थांबणार. अळी नाचत येऊन ‘मी आले!’ म्हणणार. हसू नका, माझ्याकडं हे सगळं तयार होतं. आगीचं बोधचिन्ह तर मी एका पतसंस्थेच्या वर्धापनदिनाला वापरलेलंही होतं. दुपारभरात लावून मोकळा झालो असतो.

पण मी त्यांच्या क्लिपा दोनदा पाहिल्या होत्या, आणि एक गोष्ट खटकत होती. दोनशेवर क्लिपांमध्ये शेत होतं, फूल होतं, बोंड होतं, फुटलेलं किडकं बोंड होतं. अळी बोंडात जाताना मात्र कुठंच नव्हती. पुसदचीला विचारलं तर ती म्हणाली, “ते दिसतच नाही ना दादा.” मग तिनं कागद घेतला आणि पेननं काढून दाखवलं. पतंग राखाडी-तपकिरी, बोटाच्या पेराहूनही लहान, रात्री फिरतो. अंडी पाती म्हणजे कळ्या, त्यांच्याजवळ, फुलांजवळ, बोंडाच्या देठापाशी. अंड्यातून निघालेली अळी पांढुरकी, दोऱ्याच्या तुटक्या टोकाएवढी. ती कोवळ्या बोंडाला भोक पाडून आत शिरते, आणि बोंड वाढता वाढता ते भोक बुजून जातं. बाहेरून काहीच कळत नाही. आत ती सरकी खाते, मोठी होते, गुलाबी होते. वेळ आली की गोल भोक पाडून बाहेर. अंड्यापासून पतंगापर्यंत साधारण महिन्याचा खेळ.

भोक बुजून जातं. हे मला ठाऊक नव्हतं. कापसाच्या घरात जन्मून चाळिशीला आलो तरी ठाऊक नव्हतं.

तिथं आमचा नियम ठरला. कोणी पाटीवर लिहिला नाही, पण ठरला: कॅमेऱ्याला दिसतं ते कॅमेरा दाखवील. कॅमेऱ्याला जिथं जाता येत नाही, तेवढंच आपण काढायचं आणि हलवायचं. आग नको, पान उलटणं नको. वाशीमची दोन दिवस रुसली. बोधचिन्हाला शेवटी चार सेकंद मिळाले, तेही स्थिर.

आणि नेमकं ते हलवणं मला येत नव्हतं.

आधी अक्षरांनीच नाक दाबलं. शीर्षक होतं ‘शेतकऱ्यांनो, बोंड फोडून पाहा’. जुन्या टायटलच्या खिडकीत टाइप केलं तर आलं ‘शेतकर्यांनो’. य च्या डोक्यावर रफार. हा आजार मला जुना माहीत आहे. एका लग्नाच्या व्हिडिओत शेवटी मी स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यांचे आभार मानले होते, ते पडद्यावर आचार्यांचे झाले, आणि गावात आठवडाभर त्या आचाऱ्याला लोक वाकून नमस्कार करत होते. मराठीतला हा आडवा, पापणीसारखा र हिंदीला लागत नाही, त्यामुळं कित्येक सॉफ्टवेअरांच्या तो गावीही नसतो. युनिकोडमध्ये त्यासाठी नुक्त्याचा वेगळा ऱ आहे, तो वापरावा लागतो. आणि तो वापरला तरी जोडाक्षरं जुळवायची अक्कल त्या खिडकीला असावी लागते, नाहीतर पहिली वेलांटी अक्षराच्या पुढं जाऊन बसते आणि जोडाक्षराचा पाय मोडतो. संगणकावर देवनागरी नीट दिसावी म्हणून प्रा. र. कृ. जोशींसारख्या माणसानं ‘मंगल’ घडवला, आता ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्ता’ फुकट मिळतो, इतकी देखणी अक्षरं आहेत. पण एडिटिंगच्या खिडकीत त्यांचं काही चालत नाही. शेवटी युक्ती केली. इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘मुक्ता’त शीर्षक लिहायचं, मागची बाजू पारदर्शक ठेवून चित्र म्हणून बाहेर काढायचं, आणि ते चित्र व्हिडिओवर ठेवायचं. सॉफ्टवेअरला कळतच नाही की आपण अक्षरं दाखवतोय.

अळीसाठी आम्ही आधी सोपा रस्ता धरला. इंटरनेटवर तयार चालणारी अळी मिळाली. हिरवी होती, गुलाबी केली. पाठीची कमान करून, पुढं झेप घेत, पुन्हा कमान करून चालायची. मजेशीर होती. बोंडाच्या चित्रावर ठेवली, खाली संगीत लावलं, चौघी खूश. रात्री लॅपटॉप घरी नेला आणि जेवताना बापाला दाखवलं. त्यानं घास खाली ठेवला.

“हे कोन काढलं?”

“काऊन?”

“हे तं उंटअळी व्हय. सोयाबीनवरची. बोंडअळी अशी कवा चालते बे?”

दुसऱ्या दिवशी मुलींना सांगितलं तर पुसदचीनं कपाळावर हात मारून घेतला. परीक्षेत पाठ करून लिहिलेलं होतं तिनं! उंटअळीला पोटाखालचे मांसल पाय कमी असतात, मधला भाग टेकायला काही नसतं, म्हणून ती कमान करून चालते. बोंडअळीला छातीचे तीन जोड, पोटाखाली चार जोड आणि शेवटचा एक, सगळे पाय जागेवर असतात. तिला उंट व्हायची गरजच नाही. माझ्या बापाला पायांची गणती माहीत नव्हती. चाल माहीत होती.

मग चाल पाहायला बसलो. वरूडची शेतातून डोमकळ्या घेऊन आली. फूल उमलायच्या आत अळी पाकळ्यांना आतून जाळं विणून बांधून टाकते, मग ते फूल उघडत नाही, गुलाबाच्या कळीसारखं पिळवटून राहतं, तिला आमच्याकडं डोमकळी म्हणतात. ती सोलली की आत सापडतेच. मोबाइलच्या भिंगावर पाण्याचा एक थेंब ठेवला की जवळचं मोठं दिसतं, ही युक्ती सांगलीकडचीला ठाऊक होती. हात हलू नये म्हणून मोबाइल दोन विटांवर ठेवला. काळ्या कागदावर अळी. ती आधी अंग चोरून बसली, मग निघाली.

ते चित्रण संगणकावर घेऊन एकेक फ्रेम पुढं सरकवली. आम्हाला वाटत होतं डोकं पुढं जातं आणि अंग मागून ओढलं जातं, म्हशीच्या मागं रेडकू जातं तसं. उलटं निघालं. आधी शेपटी सुटते, पुढं येऊन टेकते, मग तिच्या पुढचा वेढा उचलतो, मग त्याच्या पुढचा, अशी एक लाट मागून निघून डोक्यापर्यंत जाते, आणि डोकं सगळ्यात शेवटी सरकतं. अख्ख्या अंगानं ढकलल्यावर. ही गोष्ट बघताना दुकानात पीक विम्याचा फॉर्म भरायला आलेली दोन माणसं पण थांबली. त्यातला एक म्हणाला, “बघ ना, तिलेही मागूनच धक्का पाहिजे.”

पुसदचीनं अळी कागदावर काढली, डोकं वेगळं आणि अंगाचे तेरा वेढे वेगळे. प्रत्येक तुकडा वेगळ्या थरावर. ब्लेंडर या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये आणून ते एकमेकांना जोडले. ब्लेंडर फुकट आहे, आणि ते फुकट कसं झालं ती गोष्ट मला भारी आवडते: ते बनवणारी कंपनी २००२ साली बुडाली, तेव्हा त्याचे हक्क सोडवायला जगभरच्या लोकांनी वर्गणी काढून एक लाख युरो जमवले, सात आठवड्यांत. गणपतीची वर्गणी वेळेवर जमत नाही इकडं.

काम असं असतं: हा वेढा या क्षणी इथं, त्या क्षणी तिथं, एवढ्या दोन खुणा आपण मारायच्या, त्यांना कीफ्रेम म्हणतात, आणि मधली चित्रं यंत्र भरतं. पहिल्यांदा आम्ही सगळ्या वेढ्यांच्या खुणा एकाच जागी मारल्या. अळी रेल्वेच्या डब्यासारखी सरकली. मग प्रत्येक वेढा त्याच्या मागच्या वेढ्याच्या दोन फ्रेम नंतर सोडला. तेरा वेढे, दोन-दोन फ्रेम, सव्वीस. सेकंदाच्या वर एक. शेपटीपासून डोक्यापर्यंत लाट जायला एक सेकंद. अळी चालली. मग अजून एक लक्षात आलं की यंत्र मधली चित्रं त्याच्या ठरावीक मापानं भरतं, आणि जित्राब त्या मापानं चालत नाही. निघताना हळू, मधे जोरात, टेकताना पुन्हा हळू. वेगाची ती रेघ हातानं वाकवावी लागते. ती वाकवल्यावर पुसदची बराच वेळ काही बोलली नाही. तिनं फक्त तुकडा पुन्हा चालवला. पुन्हा चालवला.

मी गुलाबाच्या पाकळ्यांचा विचार करत होतो.

मोठेपणाचाही घोळ झाला. पडद्यावर अळी नुसतीच दाखवली तर हातभर वाटते. पट्टी काढून सेंटिमीटर लिहावं असं मुलींचं म्हणणं. पण ज्याला दाखवायचं त्याच्या मुठीत रोज सरकी असते. शेजारी एक सरकी काढली, काम झालं. पूर्ण वाढलेली अळी सरकीहून जराशीच लांब.

आकड्यांचं आम्ही एकच चित्र ठेवलं. कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग ओढणाऱ्या सापळ्यात, सलग ३ रात्री दर सापळ्यात दर रात्री ८ किंवा त्याहून जास्त पतंग सापडले की फवारणीचा विचार करायचा. तीन रात्री, तीन सापळे, एकेक पतंग येऊन पडतो. वाशीमचीला ते लांबलं असं वाटत होतं. खरंच लांबलं होतं, नऊ सेकंद. पण सापळ्याजवळ तीन दिवस थांबायचं असेल तर पडद्यासमोर नऊ सेकंद थांबायला काय हरकत आहे, असं सांगलीकडची म्हणाली. चारातली ती गरीब गाय, पण बोलली तेव्हा नेमकं बोलली.

बोंडाच्या आतलं दृश्य सगळ्यात जड होतं. बोंड अर्धं कापल्यासारखं, आत ओली सरकी आणि कच्चे धागे, बाहेरून उजेड. अकरा सेकंद. म्हणजे २७५ फ्रेम, आणि माझ्या संगणकाला एक फ्रेम काढायला पन्नास सेकंद लागत होते. पावणेचार तासांच्या वर. आता पावणेचार तास सलग लाईन आमच्याकडं कधी असते? इन्व्हर्टर अर्धा तास ओढतो. पहिल्या रात्री थेट व्हिडिओ काढायला लावला, तीन तासांनी लाईन गेली, फाइल उघडेचना, सगळं पाण्यात. नंतर शहाणपण आलं. व्हिडिओ काढायचाच नाही. एकेक फ्रेम वेगळं चित्र म्हणून साठवायची आणि शेवटी ती चित्रं ओळीनं जोडायची. लाईन गेली तर गेली, १४३ पर्यंतची चित्रं जागेवर असतात, आली की १४४ पासून पुढं. दोन रात्री आणि एका सकाळीत २७५ झाली. ही रीत मोठ्या स्टुडिओतही असते असं नंतर कळलं. त्यांची कारणं वेगळी असतील.

मधल्या काळात वरूडचीच्या डोक्यात एक आलं. तिनं कुठंतरी वाचलं होतं की दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी कुंडीतल्या वाटाण्याचं रोप रोज थोडं थोडं टिपून ‘अंकुराची वाढ’ बनवली होती, आणि ती दाखवून भांडवल उभं केलं होतं. “आपण पऱ्हाटीचं फूल करू.” पऱ्हाटीचं फूल सकाळी उमलतं, पिवळसर पांढरं, संध्याकाळकडे गुलाबी व्हायला लागतं, दुसऱ्या दिवशी लाल होऊन मिटतं. बांबूच्या काठीला मोबाइल बांधला, पॉवरबँक प्लास्टिकच्या पिशवीत. झाड वाऱ्यानं डोलू नये म्हणून सुतळीनं दुसऱ्या काठीला आवळलं. सकाळी सहा ते दुपारी बारा, दर १० सेकंदांना एक चित्र. २,१६० चित्रं, पंचवीसच्या हिशोबानं ८६ सेकंद. सहा तास त्या पोरी आळीपाळीनं शेताच्या धुऱ्यावर बसून होत्या, कारण बाजूच्या वावरात गुरं होती. माझ्या मायनं त्यांना शिदोरी धाडली.

चौकटीत डावीकडं एक चांगली कळी होती आणि उजवीकडं एक डोमकळी. डोमकळी मुद्दाम घेतली नव्हती, एकाच फांदीवर होती म्हणून आली. संगणकावर चालवलं तर डावीकडचं फूल हळूहळू सैल झालं, उघडलं, त्यात एक मुंगळा जाऊन आला, ऊन सरकलं, सावल्या फिरल्या. उजवीकडं काहीच झालं नाही. ८६ सेकंद, एकाच चौकटीत, शेजारी शेजारी. मी त्याला हात लावला नाही. वेग दुप्पट केला, एवढंच. त्याच्यावर निवेदनही नको म्हणालो, आणि या वेळी कोणी रुसलं नाही.

व्हिडिओ सहा मिनिटं चाळीस सेकंद भरला. समाजमंदिरात दाखवला, पांढऱ्या चादरीवर, साठ-सत्तर माणसं होती. त्यावर फार लिहिण्यासारखं नाही. सरपंचांचं भाषण व्हिडिओपेक्षा लांब झालं. एका म्हाताऱ्यानं, हिरवी बोंडं फोडून पाहायची म्हणता, मग वेचायला काय राहीन, असं विचारलं. वाशीमचीनं एकरी वीसच बोंडं, असं हिशोबानं समजावलं. त्यानं मान हलवली, पटल्याची की न पटल्याची ते मला अजून कळलेलं नाही. फरदड, म्हणजे वेचणी झाल्यावरही पुढं उभी राखलेली पऱ्हाटी, ठेवू नका, डिसेंबरात रान मोकळं करा, हे ऐकून मागच्या बाजूला कुजबुज झाली, कारण फरदडीचे दोन क्विंटल म्हणजे कोणाच्या तरी पोराची फी असते, हे चादरीवर कुठंच नव्हतं. असायला पाहिजे होतं. तो दोष माझा.

बाप आला नव्हता. पाय दुखतात म्हणाला.

त्या रात्री लॅपटॉप घेऊन घरी आलो. तो बाजेवर बसला होता. “लाव,” म्हणाला. मी सुरुवातीपासून लावलं. काकांच्या बोलण्यावर तो हसला. डोमकळीच्या दृश्याला काही बोलला नाही. मग बोंड आलं. लहानशी अळी देठापाशी थबकते, तोंड खुपसते, एकेक वेढा मागून लाटेसारखा पुढं येतो आणि ती आत नाहीशी होते. मग बोंड जरासं फुगतं, आणि भोक कडेकडेनं मिटत येतं.

“मागं घे.”

मी मागं घेतलं.

“अजून एकदा.”

तिसऱ्या वेळी त्यानं हात वर केला. “तिथंच थांबव.”

मी स्पेसबार दाबला. भोक बुजून गेलेलं होतं. पडद्यावर फक्त एक हिरवं बोंड होतं, गुळगुळीत, निरोगी, पुसदचीनं रंगवलेलं. त्याच्यात बघण्यासारखं काहीच नव्हतं. बापानं चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा बघत बसला. 

बाहेर कोणाच्या तरी वावरातली मोटर सुरू झाल्याचा आवाज आला. रात्रीचे बारा. थ्री फेज आली होती. तो उठला, खुंटीवरची बॅटरी घेतली, कोपऱ्यातली काठी घेतली.

“ते बंद नको करू,” दारातून म्हणाला. “तुरीले पानी लावून येतो.”